धनसिंगआबांच्या दारावर

"पण मॅडम, बोलायचं कधी?" कौतिकनानांनी तिसऱ्यांदा हात वर करून विचारलं.

जळगावहून आलेल्या मोहिनी मॅडम तिशीच्या होत्या आणि सकाळपासून ग्रामपंचायतीच्या सभागृहात सात म्हाताऱ्या माणसांना शिकवत होत्या. सहा पुरुष आणि एक मंजुळाबाई. विषय होता, सेवेच्या कामात आणखी माणसं कशी जोडावीत. सातांपैकी पाचजणांना डुलकी लागली होती, तोतारामभाऊ रुमालाने डोळे पुसत होते आणि टक्क जागे होते ते फक्त नाना. वाघपिंप्रीत कौतिकनानांना डुलकी घेताना कोणी पाहिलेलं नाही. उभा जन्म बाजार समितीच्या काट्यावर गेलेला. समोर येईल त्याचं वजन, वाण, गाव आणि सोयरसंबंध विचारल्याशिवाय त्यांना पुढचं पोतं घेता येत नसे.

"समोरच्याने विचारल्यावर बोलायचं, नाना," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कशासाठी आलात, हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. आपण होऊन विषय काढला की माणूस सावध होतो. आधी बसायचं. शांत बसायचं."

"अन त्याने विचारलंच नाही तर?"

"विचारतो. गप्प बसलेल्या माणसापुढे कोणालाही राहवत नाही. करून बघा."

नानांनी करून बघितलं. संध्याकाळी दाढी करायला गेले आणि खुर्चीत चकार शब्द न बोलता बसले. दोन मिनिटांत न्हाव्याचा हात थांबला. "नाना, काय व्हयनं? घरमा बठ्ठं ठीक शे ना?" नाना खूश झाले. घरी येऊन त्यांनी वहीत नियम उतरवले. सगळ्यांनी एकसारखं दिसावं. एकदाच हाक मारावी, पुन्हा पुन्हा मारू नये. नजर नम्र. मोबाईल खिशात. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, आपण आधी बोलायचं नाही.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर 'रोजची हाक' या कामासाठी. वाघपिंप्री हे भडगाव तालुक्यातलं गिरणेकाठचं बऱ्यापैकी मोठं गाव. पोरं पुण्याला, सुरतेला, नाशिकला, आणि गावात एकेकटी म्हातारी माणसं. नानांनी मोजून यादी केली होती, एकेचाळीस घरं. रोज सकाळी प्रत्येक दारापुढे उभं राहायचं आणि हाक मारायची, "शे का?" म्हणजे, आहेस का? आतून "शे" आलं की पुढचं दार. इतकंच काम, पण धड गुडघे असलेल्या माणसाचं काम. सातजण ते कसंबसं ओढत होते. त्यातले योगराज आणि आणखी एकजण पुढच्या महिन्यात पोरांकडे कायमचे जाणार होते. पाच माणसांत एकेचाळीस दारं होत नाहीत, हे काट्यावरच्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. माणसं मिळाली नाहीत तर हाक बंद पडणार होती.

आणि हाक बंद पडलेली नानांना चालणार नव्हती. मागच्या वर्षी भिंतीपलीकडच्या रत्नाअक्का मोरीत पडल्या. भांडं पडल्याचा आवाज नानांनी स्वतः ऐकला होता. त्यांना वाटलं मांजर. ते पेपर वाचत बसले. रत्नाअक्का दिवसभर ओल्या फरशीवर पडून होत्या, दिवे लागायच्या वेळेला दूधवाल्यामुळे कळलं. जीव वाचला, लेक त्यांना सुरतेला घेऊन गेला, जाताना त्या नानांना "येते" म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच नानांना सहन झालं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींच्या चौकशा करणारा माणूस एका भांड्याच्या आवाजाची चौकशी करायची विसरला होता.

तर माणसं हवी होती, आणि पहिला माणूस ठरलेला होता, धनसिंगआबा. तीस वर्षं गावचे पोस्टमन. कोणाचं दार कुठे, कोणाचा कुत्रा चावतो, कोण उशिरा दार उघडतं, सगळं पाठ. आबा आले की त्यांच्यामागे निम्मं गाव येईल, असा नानांचा हिशोब. पण आबांनी तीनदा नाही म्हटलेलं. "तीस वरीस बठ्ठा गावना दारवर फिरनू. आते मी कोनाच दारवर जावाव नही. अन मना दारवर भी कोनी येऊ नका." बायको गेलेली, लेक दिपमाला धुळ्याला दिलेली. यादीत आबांचं स्वतःचं घर एकेचाळिसावं होतं आणि तिथे हाक मारली की आतून "जाय पुढे!" असं उत्तर येई. नाना ते "शे" धरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळे निघाले. मॅडमनी सांगितलं होतं जोडीने जा, पण आबांकडे जायला कोणतीच जोडी तयार होईना. मग सातही जण गेले. एकसारखं दिसायचं तर सातांकडे सारखं काय होतं? पांढरं. सहा पांढऱ्या टोप्या, खांद्यावर पांढरे रुमाल, आणि मंजुळाबाईंनी फिकट लुगडं नेसून पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. आबांच्या ओट्यावर चपला काढून सगळे ओळीने बसले. नानांनी नियमाप्रमाणे एकदाच हाक मारली, "धनसिंग!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग सगळं शांत. दार आतून बंद होतं.

"घरमाच शे," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "आते कोनी बोलानं नही." आणि सातांनी माना खाली घातल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खानदेशात कोणाकडे मयत झाली की माणसं 'दारावर' जातात. पांढरी टोपी घालून ओट्यावर किंवा अंगणात खाली मान घालून बसायचं. रामराम नाही, चहा नाही, "या बसा" नाही, उठताना "येतो" म्हणायचं नाही. आणि कोण गेलं, कसं गेलं, हे तर आल्या आल्या विचारायचंच नाही, तो अडाणीपणा. आधी बसायचं. कळायचं ते आपोआप कळतं. मॅडमचे नियम आणि दारावर बसायचे नियम शब्दाला शब्द सारखे होते, पण मॅडम शहरातल्या, त्यांना ते माहीत नव्हतं. आणि सातजणांना ते इतकं माहीत होतं की लक्षातच आलं नाही. जो बसतो त्याला आपण कसे दिसतो ते दिसत नाही.

दिसलं समोरच्या कमलबाईंना. त्या अंगण झाडत होत्या. आबांचं दार बंद, ओट्यावर सात पांढरी माणसं, माना खाली, आणि तोतारामभाऊ रुमालाने डोळे पुसताहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तोतारामभाऊंचे डोळे दिवसभर गळतात, पण इतका बारकावा त्या वेळी कोण बघतो? कमलबाईंच्या हातून झाडू गळाला. त्यांनी चुलीवरचा चहा उतरवला, नवऱ्याला उठवलं आणि डोक्यावर पदर घेऊन येऊन मंजुळाबाईंशेजारी बसल्या. नवरा टोपी घालून पुरुषांत बसला.

नानांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आपण बोलावलं नाही, काही विचारलं नाही, आणि दोन माणसं आपोआप आली! मॅडम म्हणाल्या होत्या ते शंभर नंबरी खरं होतं.

अर्ध्या तासात वीस झाली. किराणा दुकानवाला रुपचंद आला, दुकानाचं शटर अर्धं ओढून. भजनी मंडळ आलं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आधी आलेल्यांना माहीत असणार, आणि सर्वांत आधी आलेले सातजण तर नियमाने बांधलेले. नानांच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं होतं. ही माणसं का येताहेत? कोणी सांगितलं? सगळी 'रोजची हाक'मध्ये येणार का? पण त्यांनी जीभ दाताखाली धरली.

"नाना," मंजुळाबाई पदराआडून कुजबुजल्या, "लोके कसाले जमी राह्यनात? माले काही बरं दिसत नही."

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात नवलचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. त्यात चार बांबू होते. नानांना वाटलं, बिचारा, शेतात चाललेला माणूससुद्धा थांबला. मग लताबाई आल्या. लताबाईंच्या आवाजाची ख्याती पार एरंडोलपर्यंत. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं, सगळ्यांवर एक नजर फिरवली आणि "माय वं ऽऽ!" असा जो हंबरडा फोडला, की लिंबावरचे कावळे उडाले. त्या पाठोपाठ आठ-दहा बायकांनी सूर लावला.

नानांचं कुतूहल आता नियमापलीकडे जायला लागलं होतं. सेवेच्या कामात येण्यासाठी रडायचं काय कारण? आणि आत, बंद दाराच्या पलीकडे, मघापासून दुसराच आवाज सुरू झाला होता. टिंग. टिंग. टिंग टिंग. कोणाचा तरी मोबाईल एकसारखा वाजत होता आणि तो कोणी उचलत नव्हतं.

योगराजने नियम मोडून खिशातला मोबाईल काढला. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तो नानांपुढे धरला.

गावाच्या ग्रुपवर रुपचंदने टाकलं होतं. "आपल्या गावाचे लाडके पोस्टमन धनसिंगआबा यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल." वर आबांचा फोटो. कोणाच्या तरी लग्नातला असावा, कारण खांद्यावर एक मेंदीचा हात तसाच राहिला होता. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

दुसरा कोणी असता तर हसला असता, किंवा रुपचंदवर ओरडला असता. नानांना दोन्ही जमलं नाही. त्यांना ऐकू आलं ते मघाचं भांडं. आपण हाक मारली, आत भांडं पडलं, आणि मग सगळं शांत झालं. त्याला आता सव्वा तास होऊन गेला होता. सव्वा तास आपण इथे, दारापासून दोन हातांवर, नियम पाळत बसलोय. पुन्हा भांडं आणि पुन्हा मांजर!

नाना उठले. त्यांचे गुडघे कधी वाजले ते त्यांना कळलं नाही. दोन्ही मुठींनी त्यांनी दार बडवायला सुरुवात केली.

"धनसिंग! ओ धनसिंग! हाक दे रे! शे का नही तू? अरे योगराज, कुऱ्हाड आन, दार तोडा! धनसिंग!" त्यांचा आवाज फाटला. "मी ऐकं व्हतं रे भांडं! मी ऐकं व्हतं!"

रडणाऱ्या बायका थांबल्या. कडी वाजली. दार उघडलं.

धनसिंगआबा उभे होते. अंगात बंडी, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चहाची बशी.

"हारना ना, कौतिक!" आबा म्हणाले. "मी म्हनं, पहिले कोन बोलस ते देखू."

गर्दीत कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. लताबाईंचा अर्धा उरलेला हंबरडा घशातच राहिला आणि त्यांना उचकी लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नानांची हाक ऐकून आबांनी फटीतून पाहिलं होतं. सहा टोप्या आणि एक पदर बघून ओळखलं की ही भरती करायला आलेली पलटण. त्या घाईत हातातलं भांडं पडलं. किती वेळ बसतात बघू म्हणून ते स्टूल घेऊन फटीशी बसले. माणसं वाढायला लागली तशी त्यांना वाटलं, कौतिक गाव गोळा करून दबाव आणतोय, आता तर मुळीच उघडायचं नाही. मग लताबाई रडल्या. कोण गेलं असेल, या विचाराने आबांचा जीव कासावीस झाला. गावात मयत आणि पोस्टमनला पत्ता नाही! शेवटी टिंग टिंग वाजणाऱ्या मोबाईलमध्ये पाहिलं, तर ते स्वतः.

"मंग तै तरी दार उघडानं ना!" मंजुळाबाई कडाडल्या.

"कोन काय लिखस ते वाची राह्यन्तू," आबा म्हणाले. "पुन्हा थोडंच वाचाले भेटनार शे?" त्यांनी रुपचंदकडे पाहिलं. "तीस वरीसमा एक पत्र चुकीना पत्तावर टाकं नही मी. अन तू?"

रुपचंद टोपी काढून टोपीकडेच बघत राहिला.

मग आबा नानांकडे वळले. नाना दाराची चौकट धरून उभे होते आणि तोतारामभाऊंचा रुमाल आता त्यांच्या डोळ्यांवर होता. आबांचा आवाज जरा उतरला. "पन तुम्हीन उनात कसाले रे, बठ्ठा?"

विचारलं! कालपासून ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो समोरच्याच्या तोंडून आला होता. वहीत या जागेसाठी सहा मुद्दे होते. नानांना एकही आठवला नाही.

"तू शे का नही," ते म्हणाले, "ते देखाले."

आबांनी बशीतला चहा भुरकला. अंगणातल्या साठेक माणसांवरून त्यांची नजर फिरली, एकेका दारावरून फिरायची तशी.

"मी मरनू ते साठ माणूस उनं," ते म्हणाले. "काल मी जित्ता व्हतू, तै कोन उनं व्हतं?"

"आबा, तुम्हीनच सांगेल व्हतं, मना दारवर कोनी येऊ नका!" कमलबाई म्हणाल्या.

"सांगेल व्हतं," आबा म्हणाले. "पन तुम्हीन ऐकं कसाले?"

लोक चुळबुळत उठायला लागले. दारावर आलेल्याने उठताना "येतो" म्हणायचं नसतं, पण मयतच उभी राहून चहा पीत असेल तर काय म्हणायचं, हे कोणाच्याही आजोबांनी सांगून ठेवलं नव्हतं. आबा मात्र ओट्यावरून खाली उतरले आणि गल्लीच्या बाजूला, जिथे चपलांचा ढीग होता, तिथे जाऊन स्टूल टाकून बसले. आतून त्यांनी जुनी खाकी पिशवी आणि पेन्सिल मागवली.

"नाव सांगा अन चप्पल लई जा," ते म्हणाले. "रोज सकाळे एक हाक. कौतिक गल्ली सांगी."

आणि टपाल वाटावं तशी त्यांनी एकेकाची चप्पल वाटली. कोणाची चप्पल कुठली हे त्यांना विचारावं लागलं नाही. नवल म्हणाला, मला शेतात जायचंय. आबा म्हणाले, मना बांबू आनाले टाइम व्हता ना? नवलने नाव दिलं. रुपचंदला त्यांनी दोन गल्ल्या दिल्या. अकरा वाजेपर्यंत चौतीस नावं झाली. बांबू कमलबाईंच्या गिलक्याच्या वेलाला कामाला आले.

बाराच्या सुमाराला दिपमाला आणि जावई प्रेमराज धुळ्याहून गाडी करून पोचले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पाठवलेलं पिठलं-भाकरी आबा ओट्यावर बसून खात होते. मी बरा शे, हे फोनवर ऐकूनही लेक धुळ्यापासून रडत आली होती. आल्या आल्या ती बापाच्या गळ्यात पडली, मग चिडली, मग चार दिवसांच्या मुक्कामाची पिशवी आत नेऊन ठेवली.

नाना नावांची वही छातीशी धरून निघाले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी विचारलंच. "अन धनसिंग, तुनं नाव?"

"मनं पाहू," आबा भाकरी मोडत म्हणाले. "पन कौतिक, तुनी यादीमा एक घर कमी शे."

"कमी? मी दोन डाव मोजेल शे!"

"टपालवालाले दारं पाठ ऱ्हातस. मोज पुन्हा."

नानांनी दुपारभर मोजलं. गल्लीवार मोजलं, आडनावावार मोजलं, नदीकडून मोजलं, शाळेकडून मोजलं. एकेचाळीसच. चार वर्षांपूर्वी बायको, धुरपदाबाई, गेल्यापासून ते स्वतःची खिचडी स्वतः लावत. आज मोजण्याच्या नादात ती खाली लागली, तरी बेचाळिसावं घर सापडेना. कोणतं असेल? संध्याकाळी मोहिनी मॅडमचा फोन आला.

"नाना, काही प्रगती?"

"चौतीस झाले, मॅडम."

"एका दिवसात? असं काय केलंत?"

"काही नाही. तुम्ही सांगितलं तसं गप्प बसलो."

"मी हे पुढच्या शिबिरात सांगते," मॅडम भारावून म्हणाल्या. नानांना खरं सांगायचं होतं, पण त्यांनी विचारलं नव्हतं.

सकाळी सहाला नाना चुलीपाशी चहा टाकत होते. दुधाचं पातेलं हातातून निसटलं आणि फरशीवर खणखणत गेलं. ते वाकून उचलणार, तोच दारावर थाप पडली. घाईची आणि जोरदार, तीस वर्षं दारं वाजवलेल्या हाताची.

"कौतिक! काय पडनं रे? शे का?"

नाना वाकलेल्या अवस्थेतच राहिले. चार वर्षांत सकाळच्या वेळी त्यांच्या दाराशी अशी हाक आली नव्हती. ती देणारे तेच होते ना. बेचाळिसावं घर त्यांच्या डोक्यावर छप्पर धरून उभं होतं, आणि काट्यावरच्या माणसाने जन्मभर जे केलं तेच केलं होतं. सगळ्यांना तोललं, स्वतः कधी काट्यावर चढले नाहीत. पातेलं हातात घेऊन ते मनाशी मोजायला लागले, एकेचाळीस आणि हे एक, आणि त्या नादात "शे" म्हणायचं राहून गेलं.

"कौतिक?" बाहेर आवाज वाढला आणि पुढच्या दारावर हाक मारणाऱ्या कमलबाईंकडे वळला. "ओ कमलबाई! जरा इकडे या वं!"

"शे रे! शे! शे!" नाना पातेलं टाकून दाराकडे धावले. आणखी एक मिनिट गप्प बसले असते, तर नवलने ट्रॅक्टर काढला असता.